कोपरापर्यंत

हा उजवा हात आधी, उलजान.
इथे, काखेपाशी, तुला गुदगुल्या व्हायच्या.
आज निमूट आहेस.

मोइनाकला टँकर येतो बुधवारी
आणि तू गेलीस सोमवारी.
शेजारणींनी आणून दिल्या तीन किटल्या,
शाळेच्या शिपायाने अर्धं पिंप.
मचूळ आहे पाणी.
मेलेल्याला चूळ नसते, तेवढं बरं,
नाहीतर थुंकली असतीस
आणि शिवी हासडली असतीस,
मॉस्कोला की ताश्कंदला, ते त्या त्या दिवसावर.

पडद्याआड मी आणि तुझी सून.
तिची पहिलीच वेळ, हात कापतो.
ओत गं, म्हणते मी, बाळाची टाळू भरतेस ना,
तशी ओत. घाई कुणाला आहे?

कारखान्याच्या दारात पाटी होती,
लाल अक्षरांची, रशियन:
हात कोपरापर्यंत धुवावेत.
आता याला कोण नाही म्हणणार?
पांढरी टोपी, रबरी बूट, नळाखाली तू:
हात तीनदा, चूळ तीनदा, नाक, तोंड,
मग कोपर, आधी उजवं.
मुकादमीण झिनाइदा बघत राहायची.
स्वच्छतेत पहिली, म्हणून तुझा फोटो
भिंतीवर लावला तिने,
मासळीच्या डब्यांच्या आकड्यांशेजारी.

पायांची तेवढी पंचाईत.
बूट काढायला कारण लागायचं.
मग तू रोज मुद्दाम खारवणाच्या डबक्यात
पाय घालायचीस आणि ओरडायचीस,
मेलं भिजलं पुन्हा!
नमाज मिठाच्या गोदामात, पोत्यांमागे,
कधी बसून, कधी नुसती डोळ्यांनी.
मी दाराशी राखण.
खरं सांगू? मला तेव्हा अल्लाचं फारसं काही नव्हतं.
तुझी भीती वाटायची, आणि तू आवडायचीस.

मग समुद्र गेला.
निघतो निघतो म्हणत पाहुणा
दारात चपला शोधत राहतो, तसा.
मासे बाल्टिकवरून यायला लागले, गोठलेले,
आगगाडीने.
तू त्यांनाही हात धुऊनच शिवायचीस.

डाव्या अंगठ्यावर हा व्रण.
डब्याच्या झाकणाने कापलेला, एकोणसत्तर साल.
सून विचारते, हा चोळून काढायचा का?
नको. तो तिचा आहे.

तिसऱ्या पाण्यात कापूर.
केसांच्या तीन वेण्या.
सगळं पाणी अंगणातल्या खड्ड्यात जिरलं
आणि जमीन परत कोरडी,
जणू कुणी मागितलंच नव्हतं.

मला अंघोळीला उरलं नाही काही.
किटली उपडी केली. दोन थेंब. ते सुनेला दिले.

मी बंदराच्या उतारावरून खाली गेले,
जिथे आपण पोहलो होतो.
शिंपले अजून पायाखाली वाजतात.
धूळ पांढरी; त्यात मीठ, त्यात कापसाच्या
शेतांवरचं औषध, त्यात काय काय.
पाक आहे का ही माती? मौलवी म्हणतो, आहे.
मी विचार करत होते, माती कसली,
हा तर तोच समुद्र,
फक्त त्यातलं पाणी काढून घेतलंय.

एकदा तळवे टेकले, तोंडावर फिरवले.
पुन्हा टेकले, हातांवरून, कोपरापर्यंत.

तयम्मुमचा नियम असा
की पाणी सापडलं की तो मोडतो.
उत्तरेला बघत उभी राहिले.
वारा होता. लांबवर काहीतरी चकाकत होतं,
बहुधा मीठच.
मोड, म्हटलं. एकदा तरी मोड.

वरून सून हाक मारत होती,
किटल्या कुणाच्या कुणाला द्यायच्या म्हणून.
हिरवी परदेगुलची. बाकीच्यांचं
मलाही नीट आठवत नव्हतं.